पाच चांगल्या पेशी

१४ जून

ताई,

मायना घालत नाही. जे शब्द घालायचे ते आज माझ्या हातून उमटणार नाहीत, आणि नुसते घालायचे म्हणून घातले तर तुला ते लगेच कळेल.

तू पाठवलेली पुस्तिका परत पाठवते आहे. कागद छान गुळगुळीत आहे. मुखपृष्ठावर तुझ्या तळहातावर ठेवलेली ती काळपट लाल बेरी आणि खाली ठसठशीत अक्षरांत तिचं नाव : ‘माई’. आईनं तिची प्रत उशाशी ठेवली आहे. पोस्टमनला दाखवून झाली, वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवून झाली. “बाळंतिणींच्या वॉर्डात सगळ्या बायका मला माईच म्हणायच्या,” असं प्रत्येकाला सांगते. तिच्या प्रतीला मी हात लावलेला नाही. ही माझी प्रत आहे. सहाव्या पानावर तुझ्या नावाखाली संशोधक म्हणून माझं नाव छापलं आहेस, ते काढ.

‘माई’ वाण जाहीर करायच्या समारंभात मी दोनदा तुझ्याजवळ आले होते. पहिल्यांदा तू फोटोसाठी बेरी दातांत धरून उभी होतीस. फोटोवाला “थोडी अजून चावा, रस दिसू दे” म्हणत होता आणि तू चावत होतीस. दुसऱ्यांदा मधे साहेब आले. संशोधन केंद्राचा प्रमुख माणूस, पण लहान मुलासारखी बोटं चाटत होता आणि त्याच बोटांनी सगळ्यांशी हात मिळवत होता. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. “तुम्हा बहिणींनी केंद्राचं नाव काढलंत!” तो चिकट रस माझ्या मनगटापर्यंत आला. मी जाऊन साबणानं हात धुतला आणि बाहेर येऊन पाहते तो तुझी गाडी निघून गेली होती. मुख्यालयातली नवी खुर्ची वाट बघत होती म्हणे. आई गर्दीत तुझ्यासाठी ताट धरून उभी होती.

तुला शिकवायची गरज नाही. कळी चिरून परागकोश काढायचा, रंगाच्या थेंबात ठेवायचा, वर काच ठेवून अंगठ्यानं दाबायचा, हे मला तूच शिकवलंस. “काच फुटू नये आणि पेशी मात्र पसरावी, असा दाब.” अजून तुझाच आवाज कानात ठेवून दाबते. तरीही लिहिते, कारण तोंडी सांगितलेलं तू ऐकलंच नव्हतंस असं आता म्हणायला लागली आहेस.

परागकण तयार होण्याआधी पेशीतली गुणसूत्रं जोडीजोडीनं उभी राहतात, मग एकमेकांपासून सुटून दोन टोकांना जातात. कड्यावरच्या आपल्या रानबेरीत हे इतकं नेटकं चालतं की बघत राहावं. बागेतल्या बेरीतही चालतं. तू दोघींचा संकर केलास आणि त्यातून ही निघाली. पान देखणं, फूल मोठं, काटा कमी. पण तिच्यातल्या कितीतरी गुणसूत्रांना जोडीदारच सापडत नाही. ती सुटी पडून असतात. बाकीची टोकांना पोचली तरी ही मधेच रेंगाळतात आणि शेवटी कुणाच्याच वाट्याला न येता वाया जातात. अशा पेशीतून निघालेला परागकण पोकळ. बीजांडातही तोच घोळ. काचघरात रात्री उबदार असतात, तिथं निभावून जातं. बाहेर उतारावर थंडीत कळ्या धरल्या की काय होईल? मी एवढंच म्हणत होते की दोन हंगाम बाहेर लावून बघू.

वाणाच्या मंजुरीसाठी अहवाल द्यायचा त्या आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी इस्पितळात होते. तू माझ्या टेबलाशी बसलीस, काचघरातल्या झाडांच्या माझ्याच स्लाइडी लावल्यास आणि शेकडो पेशींतून पाच चांगल्या पेशी शोधून त्यांचे फोटो घेतलेस. पाचही खऱ्या आहेत. फोटोंत एक रेघसुद्धा खोटी नाही. मला किळस येते ती त्याचीच. सरळ खोटं बोलली असतीस तर निदान भांडता आलं असतं.

धाकटी


३ ऑक्टोबर

ताई,

इतक्या महिन्यांनी तुझं उत्तर आलं, ते दोन ओळींचं. “निसर्गात शंभर टक्के नीट काहीच नसतं. तुला पहिल्यापासून कुरकुरायची सवय आहे.” खाली सही, तीही पूर्ण, हुद्द्यासकट. बहिणीला हुद्दा लिहून पत्र पाठवणारी तू पहिलीच असशील.

आई विचारत होती, ताईनं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं : काम फार आहे, तुझी आठवण येते, डोळे जप. तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. ती खूश होऊन झोपली.

काल केंद्रानं रानबेरीचा कडा साफ केला. आदेशावर तुझी सही होती म्हणून तुला माहीत असणारच, पण तिथला वास तुझ्यापर्यंत पोचला नसेल म्हणून लिहिते. ‘माई’ची मातृरोपं वाढवायला जागा हवी होती आणि केंद्राच्या हद्दीत तेवढा एकच उतार उन्हाचा होता. मी वर पोचले तेव्हा यंत्र अर्धा कडा खाऊन पुढं सरकलं होतं. झुडपं मुळांसकट उलटी पडलेली, त्यांत उशिरा धरलेल्या बेऱ्या चिरडून सगळा चिखल जांभळा झालेला. त्यावर माश्या. आंबूस, गोडसर, कुजका असा तो वास. मी नाकाला रुमाल लावला, तरी तो घशात उतरला.

यंत्रचालक चाकं धूत होता. म्हणाला, “काय होतं हो इथं?”

मी म्हटलं, “रानबेरी.”

“काटेच काटे होते. बरं झालं, गेले.” मग त्यानं पॅंटचा पाय वर करून ओरखडे दाखवले. त्याचा काय दोष? ज्या झुडपातून तू संकरासाठी पराग घेतलास, ज्याच्या पेशी मला आरशासारख्या लख्ख दिसायच्या, त्या झुडपाची जागासुद्धा मला नक्की सांगता आली नाही. जिथं बघावं तिथं तोच राडा.

मुळं ढीग करून पेटवली. ओली असल्यानं ती जळेनात. नुसतीच धुमसत, फसफसत राहिली. घरी आल्यावर आई म्हणाली, “काय गं, कुठल्या गटारात गेली होतीस?” मी कपडे बाहेरच ठेवले. जेवले नाही.

तुला राग यावा म्हणून हे लिहीत नाही. राग यायला आधी काहीतरी वाटावं लागतं. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी त्या माणसाला मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. पण तू मूर्ख नाहीस. तुला माझ्याइतकंच दिसतं.

धाकटी


२२ एप्रिल

ताई,

दीड वर्ष तुला लिहिलं नाही. लिहायला बसले की तोंडात कडू पाणी यायचं. आज लिहिते, कारण अजून वेळ आहे. फूल उमलायला अवकाश आहे, तू बागवाल्यांना वेळेवर कळवू शकतेस.

‘माई’ आता सगळ्या उतारांवर उभी आहे. पूर्ण वाढलेल्या काठ्यांवर हा पहिलाच मोठा बहर. थंडी या वर्षी लांबली. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या असताना रात्री अशा पडल्या की सकाळी नळ गोठलेले. जोड्या सुटण्याचं ते अर्धसूत्री विभाजन नेमकं त्याच दिवसांत चाललेलं असतं, हे तुला मी सांगायला हवं का?

मी कळ्या गोळा करायला वरच्या उतारावर गेले. तिथं एक बाई आहे, पूर्वी शाळेच्या बसवर वाहक होती. जाड भिंगांचा चष्मा लावते म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. तीही स्वतःला तेच म्हणते. तिनं जुनी सगळी झुडपं उपटून तुझी लावली. मला बघून धावतच आली.

“तुम्ही माईंची मुलगी ना? या, या. बघा कशी कळ्यांनी लगडलीय! माझा नवरा म्हणत होता, नवं कशाला, जुनं बरं होतं. आता तोंड बंद झालंय त्याचं.”

मी कळ्या तोडायला लागले तर म्हणाली, “घ्या, हव्या तेवढ्या घ्या. तपासणीला का?”

मी “हो” म्हटलं. पुढं विचारेल या भीतीनं खाली मान घालून भराभर तोडत राहिले. तिनं मला चहा दिला. ज्या झाडावर ती हात फिरवून कौतुक करत होती त्याच्या पोटात काय चाललंय हे मला ठाऊक होतं आणि मी तिच्याच अंगणात तिच्याच कपातून चहा पीत होते. तुझ्यामुळे मला असं बसावं लागलं, ही गोष्ट मी विसरणार नाही.

स्लाइडी पाहिल्या. काचघरात होतं त्याच्या कैक पटींनी वाईट आहे. सुटी गुणसूत्रं पेशीभर विखुरलेली. काही ठिकाणी तीन-तीन चिकटलेली, काही तुटून लोंबणारी. एक पेशी दोन वाटण्यांत जाण्याऐवजी पाचसहा वाकड्या तुकड्यांत फुटलेली. मला या कामाची कधी घाण वाटली नव्हती. रंगानं बोटं वर्षानुवर्षं काळीजांभळी आहेत, कपड्यांना व्हिनेगरसारखा वास आहे, त्याचं काही नाही. पण त्या दिवशी डोळा लावला आणि ती वाटली. उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

त्याच वेळी आई आली. मी डबा विसरले होते, तो घेऊन. दमलेली होती, म्हणून माझ्या स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या भिंगाला डोळा लावला.

“रंगीत चुरा दिसतोय नुसता.”

मी म्हटलं, “नीट बघ. दोन बाजूंना दोन झुबके आहेत ना?”

“आहेत. आणि हे मधे कोण राहिलेत?”

“ते राहिलेलेच. त्यांना जोडी मिळाली नाही.”

आईनं मान वर केली. “म्हणजे तुम्हा दोघींसारखे.” आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली. मग परत डोळा लावून बराच वेळ बघत बसली. “कुठल्या झाडाचं गं हे?”

“रानातल्या एका,” मी म्हटलं.

पत्र मिळताच कळव. निदान या वर्षीची नवी लावण तरी थांबव.

धाकटी


३० जून

ताई,

तू कळवलं नाहीस. फळ आलं.

रविवारी सकाळी दार वाजलं. चष्मेवाली होती. हातात झाकलेलं पातेलं. मी तिला आत घेतलं तशी ती थेट जेवणाच्या टेबलापाशी गेली आणि पातेलं उपडं केलं. बेरी म्हणावी असं त्यात एकही फळ नव्हतं. सुटे सुटे मणी, निम्मे पोकळ, निम्मे हिरवट, रसानं एकमेकांना चिकटलेले. बेरीतल्या प्रत्येक मण्याला आपापलं बी लागतं. बी धरलं नाही की मणी भरत नाही, आणि मणी भरले नाहीत की ते एकमेकांना धरून राहत नाहीत. तोडायला हात लावला की बोटांत भुगा.

“असं आहे सगळं,” ती म्हणाली. “वरचा उतार, खालचा उतार, सगळीकडे असंच. नवरा म्हणतो, मधमाश्या मेल्या. शेजारी म्हणतो, मी पाणी जास्त घातलं. मी काय केलं ते मला कळू दे. त्या दिवशी कळ्या नेल्यात, तेव्हा तुम्हाला काय दिसलं?”

आई आतून आली. मी आईकडे बघितलं, चष्मेवालीकडे बघितलं, आणि सांगितलं. सगळं सांगितलं. काचघर, थंडी, पाच पेशी. तू मला विचारलं होतंस का, आणि मी काय म्हणाले होते, तेही.

चष्मेवाली ऐकत होती आणि बोटानं टेबलावरचे मणी एका बाजूला सारत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकलं नाही.”

“नाही.”

“हे कुणीतरी कधी सांगणार होतं का?”

ती पातेलं घेऊन गेली, भुगा टेबलावरच राहिला. आईनं त्यातला एक मणी उचलून तोंडात टाकला, चावला आणि हातावर थुंकला. मग ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, एकदा पुसून डाग जाईना तेव्हा घासलं. घासता घासता म्हणाली, “त्या दिवशी भिंगात दाखवलंस ते हेच होतं ना?”

“हो.”

“आणि हिला माझं नाव दिलं.” एवढंच. संध्याकाळी पाहिलं तर उशाशी पुस्तिका नव्हती.

आणि बुधवारी तुझं पाकीट! मी उभ्या उभ्या फोडलं, मला वाटलं आता तरी. तर आत परिपत्रक. “छाटणी चुकीच्या पद्धतीने केल्यामुळे व मधमाश्यांची निगा न राखल्यामुळे काही बागांत फळधारणा कमी झाल्याचे आढळले आहे.” खाली तुझी सही, साहेबांची सही, आणि एक मोकळी जागा. त्यावर चिकटवलेली चिठ्ठी, तुझ्या हातची : “इथे तू सही कर. गुणसूत्रतज्ज्ञाची सही असली की प्रश्न येणार नाहीत. आईची शपथ, एवढं कर.”

आईची शपथ. लिहिताना तुझा हात थांबला कसा नाही?

मी ते परिपत्रक दोन बोटांत धरून परत पाकिटात घातलं, जसं मेलेलं झुरळ उचलावं. सही केलेली नाही. करणार नाही. एकोणीस तारखेला बागवाल्यांची सभा बोलावली आहे, साहेब म्हणतात तू येणार आहेस. ये. मी मायक्रोस्कोप लावून ठेवते. वरच्या उतारावरच्या कळ्या मी जपून ठेवल्या आहेत, स्लाइडी तुझ्यादेखत करीन, म्हणजे माझे रंग कच्चे होते असंही तुला म्हणता येणार नाही.

धाकटी


२१ जुलै

ताई,

परवा जे झालं ते तुला सांगायला हवं. तू तिथंच होतीस, पण तुझी पाठ होती.

साहेबांचं छाटणीवरचं भाषण, लोकांचा आरडाओरडा, तो सगळा भाग तू ऐकलास. मी स्लाइड करून लावली, कॅमेरा जोडला, मागच्या भिंतीवर चित्र पडलं, तेही तुला माहीत होतं. मी पहिली पेशी दाखवली तशी तू व्यासपीठावरून उतरून आलीस. “एका पेशीवरून काय ठरतं? हिनं मुद्दाम वाईट शोधलीय. उठ, मी दाखवते.” मी उठले. तू बसलीस, दोन्ही डोळे भिंगाला लावलेस आणि स्लाइड सरकवायला लागलीस. त्या क्षणी तू भिंत विसरलीस, ताई. तू जी जी पेशी ओलांडून पुढं जात होतीस, ती ती तुझ्या पाठीमागं एवढी मोठी होऊन दिसत होती.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. नुसते जांभळे ठिपके सरकत होते. मग चष्मेवाली शेजारणीला म्हणाली, “बाईंना ही नाही आवडली. हीपण नाही. ही तर मुळीच नाही.” लोक हसले. बाजारात कुणी टोपलीभर चिवडून एकही न घेता पुढं जावं, तशी गंमत वाटली त्यांना. पण तू थांबेनास. पेशीमागून पेशी, सगळ्या विस्कटलेल्या, आणि हळूहळू त्यांना कळायला लागलं की काय बघायचंय. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. तू काय टाळते आहेस त्यावरून ते शिकले. हसणं थांबलं. मागच्या रांगेतला एकजण उठून भिंतीजवळ गेला आणि एका रेंगाळलेल्या गुणसूत्रापाशी बोट नेलं, तोवर तू ते सरकवलंस. त्याचं बोट तसंच राहिलं.

तू स्वतःशी “मिळेल, मिळेल” म्हणत होतीस. ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. साहेब घाम पुसायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि परत आले नाहीत.

मला वाटलं होतं, या क्षणाची मी इतकी वाट पाहिली आहे की मला बरं वाटेल. वाटलं नाही. तुझ्या मानेवरचे केस घामानं चिकटले होते, बोटं स्क्रू फिरवत होती, आणि मला तुझी शिसारी आली, सगळ्या खोलीची आली. शंभर माणसं एका बाईच्या पाठीकडे बघत बसलेली. मधेच वाटलं, उठवावं हिला. तो कळवळाही मला किळसवाणा वाटला, म्हणून मी जागची हलले नाही.

आणि मग तुला सापडली. “ही बघा!” म्हणून तू ओरडलीस. भिंतीवर ती आली. खरंच सुरेख होती. सगळ्या जोड्या रांगेत, एकही सुटी नाही. तू हसत वळलीस. तुझा चेहरा लहानपणी झाडावरून खाली बघायचीस तसा झाला होता. आणि तुला लोक दिसले.

आई रांगेतून उठून आली. त्यापुढचं तुला ठाऊक आहे, पण मी लिहिते, कारण तू ते कुणाला वेगळं करून सांगशील.

“पुरे आता,” आई म्हणाली. “उठ.”

“आई, ही चांगली आहे गं. बघ ना नीट.”

“दिसली मला. उठ तू.”

तू तिचा हात बाजूला केलास आणि मागच्या दारानं गेलीस.

धाकटी


६ सप्टेंबर

ताई,

केंद्रानं वाण मागं घेतलं. नोटिशीत कारण लिहिलंय, “प्रतिकूल हवामान”. पाच पेशींचा उल्लेख नाही, माझ्या स्लाइडींचा नाही, बागवाल्यांच्या छाटणीवर ठेवलेल्या ठपक्याबद्दल एक शब्द नाही. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. जाताना माझ्या प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, “मला आतून पहिल्यापासून शंका होतीच हो. तुमच्या बाजूनंच होतो मी.” आणि पाठीवर थोपटलं. या विभागाची जबाबदारी आता माझ्याकडे दिली आहे. तो कागद हातात घेताना मला आनंद व्हायला हवा होता. मी तो घडी करून खणात टाकला.

बागवाल्यांनी बहुतेक सगळी झुडपं काढली. पलीकडच्या खोऱ्यात अजून कुणाकुणाकडे जुन्या बेरीच्या काठ्या होत्या, त्या आणून पुन्हा लावतायत. फळ यायला दोन वर्षं जातील. चष्मेवाली माझ्याशी बोलते, पण चहा देत नाही. तिचं बरोबर आहे.

तू रजेवर आहेस हे मला दुसऱ्यांकडून कळलं. आईला तू रोज फोनवर नुसतं “हं” म्हणतेस हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकते. काल तिनं माळ्यावरची बॅग काढायला लावली.

“कुठं निघालीस?”

“ताईकडे.”

मला आधी खरंच वाटेना. मग जे तोंडात आलं ते बोलले. “तिनं तुझ्या नावाचा तमाशा केला. तुझी शपथ घालून माझ्याकडून खोटी सही मागितली. आणि तू तिच्याकडे जाणार?”

आई लुगडी घड्या घालून ठेवत होती. “तीस वर्षं बाळंतिणींत काढली मी. जी ओरडते तिच्याकडे जरा वेळानं गेलं तरी चालतं. जी गप्प होते तिच्याकडे पळायचं असतं.”

“आणि मी?”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, लाडानंही नाही. “तू बरोबर होतीस. पहिल्यापासून बरोबर होतीस, मला कळत नाही का? बरोबर असलेल्या माणसाचं चालतं गं एकट्यानं.”

मी तिची औषधं बांधून दिली. रात्री जेवताना ती वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या भांडणाची नक्कल करून दाखवत होती, मी हसलेही. ती गेल्यावर या घरात मी काय करणार आहे, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुझ्या अक्षरातलं पाकीट दिसलं तरी मला अजून शिसारी येते. ते कधी थांबेल असं मला वाटत नाही आणि थांबावं म्हणून मी काही करणारही नाही. तेव्हा या पत्राला उत्तर लिहू नकोस.

शुक्रवारी सकाळची बस आहे. आई चालकाच्या मागच्या बाकावर असेल. पायरी उंच असते आणि तिचा उजवा गुडघा आता वाकत नाही, पण विचारलंस तर ती कबूल करणार नाही. खाली उभी राहून हाका मारू नकोस. आत चढ, तिची बॅग आधी घे, मग तिला धर, आणि सावकाश उतरव.

धाकटी